अकरा शर्टांचं चीवर

कात्री मीच चालवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कुणी भंतेंना बोल लावायला नको. आमच्या कडावच्या बौद्धवाडीत सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी हेच आहे, की पोपट टेलरचं म्हातारपणी डोकं फिरलं. फिरलं नव्हतं हो! डोकं चांगलं जागेवर होतं. जागेवर असून केलं, म्हणून तर आता झोप नाही.

बेचाळीस वर्षं नाक्यावर माझं दुकान होतं. या पट्ट्यातल्या कितीतरी नवरदेवांचे कपडे मी शिवले, पार कशेळ्यापासून माणसं यायची. मग रेडिमेड आलं आणि माझ्याकडे नुसतं चेन बदलणं आणि पँट आखूड करणं राहिलं. एकाहत्तराव्या वर्षी शटर ओढलं आणि मशीन घरी आणून ओटीवर खिडकीशी ठेवली. त्यालाही आता दोन वर्षं झाली.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको अंबाबाई. मुलगी नम्रता खोपोलीला दिलेली. मुलगा प्रवीण चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला. एकोणतीस वर्षांचा होता, लग्नाचं बघत होतो. एका सोमवारी म्हणाला, पप्पा, माझे डोळे पिवळे दिसतात का बघा जरा. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला पोचवून आलो. जलदान विधी केला, सगळे आले, अनित्य आहे म्हणाले, चहा पिऊन गेले.

मागं राहिली एक पत्र्याची पेटी. त्यात त्याचे अकरा शर्ट, सगळे सुती, सगळे माझ्या हातचे. टेरिकॉट अंगाला चावतं म्हणायचा. अंबानं ते धुतले नाहीत. तो गेला त्या आठवड्यात दोरीवरचे, खुंटीवरचे, धुवायला बादलीत टाकलेलेसुद्धा गोळा केले आणि पेटीत भरले. रोज दुपारी भांडी घासून झाली की पेटी उघडायची, एकेक शर्ट काढायची आणि त्यात तोंड खुपसून बसायची. मग पुन्हा तशीच घडी. उन्हात कधी घातले नाहीत, वास उडतो म्हणून. चार वर्षांत एक दुपार चुकली नाही.

मला ते बघवायचं नाही. सुरुवातीला समजूत घातली, नंतर खेकसायला लागलो.

"अगं, वास-बीस काय राह्यला नसंल आता. तुला तुझ्याच तोंडाचा वास येत असंल."

"तुमी हुंगून बघा ना एकदा," ती म्हणायची.

मी कधी हुंगला नाही. काम आहे म्हणून उठून बाहेर जायचो. कसलं डोंबलाचं काम! दुकान बंद केलेल्या टेलरला काय काम असतं? नाक्यावर जाऊन उभा राहायचो, जीपवाल्यांची भांडणं ऐकायचो, आणि पेटीचं झाकण बंद झालं असेल असा अंदाज घेऊन परत यायचो.

यंदा आषाढी पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाला एक भंते राहिले. पावसाचे तीन महिने भिक्खूनं एका जागी राहायचं असतं. भंते विदर्भाकडचे, वयानं तरणे, तेहतिशीतले. प्रवीण असता तर तेवढाच असता, हे अंबानं पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं. रोज संध्याकाळी ते प्रवचन द्यायचे. श्रोते कोण? आम्ही सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या आणि दोन कुत्री. तरण्या पोरांना कंपनीच्या पाळ्या असतात, त्यांना कुठला वेळ?

एकदा भंते चीवराविषयी बोलले. भिक्खूचं वस्त्र अखंड कापडाचं नसतं म्हणाले. बुद्धांनी एकदा मगधातली भाताची शेतं बघितली, खाचरं आणि मधून जाणारे बांध, आणि आपल्या शिष्याला, आनंदांना विचारलं, असं वस्त्र करता येईल का? म्हणून आजही चीवर तुकडे जोडून शिवतात. मोठे तुकडे म्हणजे खाचरं आणि मधल्या पट्ट्या म्हणजे बांध.

मी टेलर माणूस. मी लगेच बोट वर केलं. "भंते, जरा बघू द्या की."

त्यांनी खांद्यावरचं टोक हातात दिलं. मी चष्मा वर करून, जवळ धरून शिवण बघितली. मशीनची, घाईची, कुठल्यातरी कारखान्यातली. एक बांध दुसऱ्याला धड भेटतसुद्धा नव्हता.

"हे कसलं काम?" मी सगळ्यांसमोर बोलून गेलो. "ह्याच्या खाचरात पाणी थांबायचं नाय!"

म्हाताऱ्या हसल्या. भंतेही हसले आणि म्हणाले, "मग उपासक, तुम्हीच शिवून बघा."

झालं, ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी जुनी चादर फाडली आणि हातानं शिवायला बसलो. पहिलं चीवर पार बिघडलं, कोपरे वाकडे. दुसरं जरा बरं. विहाराच्या ओट्यावरून आमच्या गावची भातशेती दिसते, तिथं जाऊन बसायचो आणि बांध कुठं कसा वळतो ते बघायचो. जन्म गेला ह्या गावात, पण बांध असा कधी बघितला नव्हता. गिऱ्हाईक डोक्यावर उभं नाही, लग्नाची तारीख नाही. एक टाका घालायचा, श्वास सोडायचा, दुसरा टाका. कधी तास-दोन तास निघून जायचे आणि मनात प्रवीणही नसायचा. बेचाळीस वर्षं शिवलं ते पोटासाठी. शिवणं म्हणजे काय ते मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला गर्व झाला.

भाद्रपदात भंते पांसुकूलाबद्दल बोलले. पूर्वीचे भिक्खू म्हणे टाकून दिलेल्या चिंध्या, स्मशानातली मेलेल्यांची वस्त्रं उचलून आणायचे, धुवायचे, रंगवायचे आणि त्याचं चीवर शिवायचे. ज्याचा कुणी धनी नाही असं वस्त्र सगळ्यात शुद्ध. सगळे ऐकत होते. माझ्या डोळ्यासमोर मात्र पेटी उभी राहिली.

त्या रात्री अंबाजवळ विषय काढायला हवा होता. काढला नाही. ती नाही म्हणाली असती, आणि मग संपलंच ते. मी मनाशी म्हटलं, तिला दुखणं झालंय, दुखणेकऱ्याला विचारून कुणी औषध देतं का? आसक्ती हेच दुःखाचं मूळ, हे मी तर रोज ऐकत होतो. शर्ट गेले की तिची चार वर्षांची साखळी तुटेल. पोराच्या नावानं पुण्य होईल. आधी दान होऊ दे, मग सावकाश सांगू, रडेल दोन दिवस आणि मोकळी होईल. असा सगळा हिशोब मी शिवण उलटी-सुलटी तपासावी तसा तपासला, आणि मला कुठंही उसवलेलं दिसलं नाही.

आश्विनाच्या तोंडावर नम्रताचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. अंबाला तिच्याकडे खोपोलीला जावं लागलं, वीस दिवसांसाठी. निघताना तिनं पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली देव्हाऱ्यात, आता आमच्यात देव्हारा कसला, बुद्धमूर्तीच्या फळीवर ठेवली. माझ्यापासून लपवून ठेवावी असं तिच्या मनातही आलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. शर्ट बाहेर काढताना तोंड बाजूला फिरवलं होतं, श्वास धरला होता. आता म्हणाल, असं का? वैराग्य आलेल्या माणसानं श्वास का धरावा? हे त्या वेळी मी स्वतःला विचारलं नाही. भराभर बटणं कापली, शिवणी उसवल्या. माझेच टाके, पटापट सुटत होते. निळ्या शर्टाच्या पाठीवर एक रफू होती, अंबानं घातलेली. प्रवीण तारेच्या कुंपणाला अडकला होता तेव्हाची. टेलरच्या घरात असली ओबडधोबड रफू म्हणून मी तिला त्या वेळी किती चिडवलं होतं! तो तुकडा टाकावा असं वाटलं, पण कापड पुरलं नसतं. ठेवला.

दुपारी फोन वाजला. अंबाच होती.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय करताय?"

"चीवर शिवायला घेतलंय. चीवरदानाला देनार."

"अगं बाई!" तिचा आवाजच बदलला. "आपल्या घरचं चीवर? मी आल्याबिगर देऊ नका हां. मला पन हात लावायचाय."

"बरं."

"आनि अवो, परतीचा पाऊस लागलाय, हवा दमट हाय. पेटी उघडू नका. वास जाईल."

माझ्या मांडीवर त्या वेळी चार शर्टांचे तुकडे होते आणि अंगठा कात्रीत होता.

"बरं," मी म्हटलं.

त्या दोन अक्षरांपाशी मी अजून अडकलेला आहे. त्या वेळीसुद्धा सात शर्ट शाबूत होते. थांबता आलं असतं. मी फोन ठेवला आणि पाचवा उचलला.

तुकडे साबणाच्या पाण्यात उकळले. कशेळ्याच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा भुसा आणला, मोठ्या पातेल्यात शिजवला आणि त्यात दोन दिवस तुकडे बुडवले. पांढरा, निळा, चौकडीचा, सगळे एका रंगाचे होऊन निघाले, पिकल्या भाताच्या. मग चौदा दिवस मी शिवत बसलो, लांब शिवणी मशीनवर आणि कोपरे हातानं. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. एकेक बांध सरळ, कोपऱ्याला कोपरा चिकटलेला. शेजारची चिंधीबाई बघायला आली, तिनं कापडावर हात फिरवला आणि हात जोडले. मी वरवर म्हटलं, काय नाय गं, वेळ जात नाय म्हनून. आतून मी फुगलो होतो. म्हातारपण सत्कारणी लागलं, असं मला वाटत होतं.

पूर्ण झाल्यावर भंतेंना दाखवायला नेलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं.

"कापड कुठून आणलं, उपासक?"

"घरातलंच जुनं."

"घरात सगळ्यांच्या मनानं आलंय ना?"

"हो भंते."

त्यांनी मान डोलावली आणि चीवर मला परत दिलं, त्या दिवसापर्यंत घरी ठेवा म्हणाले. मी सायकलवरून येताना एकदाही मागं वळून बघितलं नाही.

चीवरदान रविवारी होतं, आश्विन पौर्णिमेनंतरच्या. अंबा आणि नम्रता खोपोलीहून रिक्षा करून थेट विहारात आल्या. मीच तसं सांगितलं होतं, उशीर होईल, घरी नको, सरळ तिकडे या. पांढरं पातळ नेसून आली होती. वीस दिवसांत पोरीची सेवा करून वाळली होती, पण तोंड खुललेलं होतं. आल्या आल्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "कुठं हाय वो? बघू तरी."

"तबकात हाय. आता बघशीलच."

मंडळाचा कार्याध्यक्ष साईनाथ माईकवर होता. त्याला माईक मिळाला की सोडवत नाही. "आपले ज्येष्ठ उपासक पोपटदादा यांनी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी स्वहस्ते चीवर शिवलेले आहे," असं तो तीन वेळा म्हणाला. टाळ्या झाल्या. फलकावर चीवरदाते म्हणून आमच्या दोघांचं नाव होतं, रंगीत खडूनं लिहिलेलं. मग सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही, हे मी सगळ्यांबरोबर खणखणीत आवाजात म्हटलं. रोजची सवय. तोंड म्हणतं, कान ऐकत नाहीत.

आमच्याकडे चीवर देताना घरातली सगळी माणसं त्याला हात लावतात. दान एकट्याचं नसतं, घराचं असतं. मी तबक धरलं, नम्रतानं एका बाजूनं हात लावला आणि अंबानं समोरून, घडीवर उजवा तळवा ठेवला. भंते हात पुढं करून बसले होते. साईनाथ दानाचे शब्द म्हणायला लागला, आम्ही मागून म्हणायला लागलो. मी अंबाकडे बघत होतो. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, आणि बोटं कापडावर हळूहळू फिरतायत.

मग ओठ थांबले.

तिचं बोट एका जागी अडकलं होतं. तिनं डोळे उघडले, घडीचा कोपरा उलटला, खाली वाकून बघितलं. मला बघायची गरज नव्हती. मीच ती घडी घातली होती, आणि रफूचा तुकडा आत राहील अशीच घातली होती, पण वरून जाड लागत असणार. एवढ्या वर्षांचा टेलर, एवढं ध्यानात आलं नाही माझ्या.

"हा पऱ्याचा शर्ट हाय," अंबा म्हणाली.

साईनाथ पुढचं वाक्य म्हणत होता, तो अडखळला.

"हा माझ्या पऱ्याचा शर्ट हाय. निळा. ही माझी रफू हाय." ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. मी म्हणेन नाही गं, तुझा काहीतरी घोटाळा झाला, याची ती वाट बघत होती. "तुमी पेटी उघडलीत?"

"अंबे, घरी गेल्यावर बोलू."

"सगळे कापलेत? सगळे अकरा?"

मी तबकाकडे बघितलं. तिनं दोन्ही हातांनी चीवर गच्च धरलं. नम्रता म्हणाली, "पप्पा?" आणि तिनं आपला हात काढून घेतला. माईक खरखरत होता. आणि अशा वेळी, सांगायलाही लाज वाटते, माझ्या मनात काय आलं असेल? फलकावर नाव आहे, लोक बघतायत.

"सोड गं," मी दबक्या आवाजात म्हटलं. "दान हाय ते. त्याच्याच नावानं हाय. सोड."

सोडलं नाही तेव्हा तबक मांडीवर ठेवून मी तिची बोटं धरली. एकेक बोट उचलायला लागलो. करंगळी, मग तिच्या शेजारचं. ती ओढत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती माझ्या हाताकडे बघत होती.

"उपासक, हात काढा," भंते म्हणाले.

"भंते, तिला आसक्ती सुटत नाय. चार वर्षं झाली. मी तिच्यासाठीच..."

"आसक्ती त्यांची आहे. ती तुम्हाला दान करता येणार नाही." आवाज चढला नव्हता, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. "मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात."

मग ते आसनावरून उठले, खाली येऊन अंबासमोर बसले, आणि तबकातलं चीवर उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. "माई, हे मला पोचलेलं नाही. हे तुमचं आहे." त्यांचे डोळे भरले होते. भिक्खूचे डोळे भरतात हे मला माहीत नव्हतं.

साईनाथ हुशार माणूस. त्यानं कपाटातून दादरहून आणलेलं एक तयार चीवर काढलं, प्लास्टिकच्या पिशवीतलं, आणि कार्यक्रम पुढं चालू केला. आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. खीर शिजल्याचा वास येत होता.

आम्ही घराकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पावसानं आडवं झालं होतं. नम्रता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली, तिचे टाके दुखत होते. अंबानं फळीवरची किल्ली घेतली, पेटी उघडली, आत बघितलं, बंद केली. मग जमिनीवर चीवर पसरलं आणि त्याच्या कडेला बसली.

मला वाटलं, रडेल. रडली असती तर मी पाय धरले असते, काहीतरी बोललो असतो. ती रडली नाही. एकेका तुकड्यावर हात ठेवत गेली. फणसाच्या रंगानं सगळे सारखे केले होते, तरी तिला बोटांनी वीण कळत होती.

"हा दिवाळीचा. हा नम्रताच्या लग्नातला. हा कंपनीत घालून जायचा. हा चौकड्यांचा." एका तुकड्यावर थांबली. "हा कंचा वो?"

"पांढरा. बारीक रेघेचा."

"हां. इंटरव्ह्यूचा."

मग तिनं वाकून त्या तुकड्याला नाक लावलं. दुसऱ्याला लावलं. सगळ्या कापडावरून गुडघ्यांवर सरकत सरकत गेली. मी खिडकीशी मशीनच्या स्टुलावर बसून ते बघत होतो, आणि आज उठून बाहेर जायची सोय नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. मी काहीही सोडलं नव्हतं. सोडायला माझ्या हातात काही धरलेलंच नव्हतं. चार वर्षं मी त्या पेटीपासून पळत होतो आणि शेवटी मला पळायला लागू नये म्हणून मी ती रिकामी केली. त्याला धम्माचं नाव दिलं. पोराचं दुःख धरून बसायची हिंमत तिच्यात होती. माझ्यात नव्हती.

"अंबे," मी म्हटलं, "चुकलो मी."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. सरळ बसली, पदरानं तोंड पुसलं आणि कामाचं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "कॉलरी कुठं हायत?"

"काय?"

"कॉलरी. ह्याच्यात कॉलरी नायत. वास कॉलरीलाच असतो. मानेला घाम यायचा त्याच्या."

कॉलरी चीवरात बसत नाहीत. आत कडक कापड असतं, टाका सरळ जात नाही. त्या मी बाजूला काढल्या होत्या आणि मंगळवारच्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या. हे तिला सांगायचं होतं. सांगितलं, पण कसं सांगितलं ते आठवत नाही. तिनं मान हलवली, समजलं अशी.

मग माझ्याच लक्षात आलं. मी स्टुलावरून उठलो आणि मशीनचा ड्रॉवर ओढला. रिळं, बॉबिन, तुटक्या सुया, आणि मागं कोपऱ्यात एक बोळा. उलगडला. कॉलर होती. अर्धीच, निळ्या शर्टाची. बाकीच्या टाकल्या तेव्हा ही हाताशी राहिली असणार. मला एवढा आनंद झाला, की मी धावतच तिच्याकडे गेलो आणि गुडघे दुखत असून खाली बसलो.

"हे बघ. ही हाय. एक हाय, अंबे."

तिनं ती दोन्ही हातांत घेतली. डोळे मिटले, नाकाशी धरली आणि खोल श्वास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. असं मी तिच्याकडे चार वर्षांत बघितलं नव्हतं. तिनं आणखी एकदा श्वास घेतला. मग कॉलर खाली घेऊन उलटी केली. आतल्या बाजूला काळे डाग होते. चौदा दिवस रोज सकाळी मशीनचं तेल पुसायला मी हाताला लागेल ती चिंधी घेत होतो.

तिनं कॉलरची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"घ्या," ती म्हणाली. "मशीन पुसायला होईल तुमाला."